उसनं दुखणं

फर्दापूर
दि. ८ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. कारभारीमामांस,
विश्वजीतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून कृष्णा गिरणीवाला घाबरला असेल तर त्याला आधी सांगा, कुणी गेलेलं नाही. आजकाल टपालानं फक्त नोटिसा येतात, म्हणून म्हटलं.

परवा फोन केला तेव्हा नेहमीसारखाच तुमचा फोन मेसच्या ओट्यावर, स्पीकरवर होता. मामी पोळ्या लाटत लाटत मला सांगत होती की तुमचे मामा वाळत चाललेत, सदरा खुंटीला टांगल्यावाणी दिसतो. मागून तुमचं चाललेलं, काय नाय, काय नाय. मग मामी फोडणीकडं वळली तसे तुम्ही फोन तोंडात घातल्यासारखं पुटपुटलात की भाच्या, फोनवर नको, पत्र टाक, आणि ते घरी नको, कृष्णाच्या गिरणीच्या पत्त्यावर टाक. एवढं बोलून फोन बंद. तेव्हापासून माझी झोप उडाली. म्हणजे झोपतो मी, पण मधेच उठून विचार करतो.

काय केलंत मामा? दुसरं लग्न करण्याचं तुमचं वय नाही आणि मामी असताना तेवढी हिंमतही नाही. नगरसेवक व्हायचं डोक्यात आलं असेल तर माझं मत फर्दापुरात आहे, उपयोग नाही.

फर्दापुरात म्हणजे, मी आता दगड विकत नाही बरं का. लेण्यांपाशी ते चकाकणारे दगड विकायचं काम मी दिवाळीआधीच सोडलं. एका परदेशी भिक्खूनं माझ्याकडून एक दगड घेतला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिला, म्हणाला याला इथंच बरं वाटतं. मला ते एवढं पटलं की धंद्यावरचं मनच उडालं. आता फकिरानानांच्या हॉटेलात आहे, गिऱ्हाइकांना खोल्या दाखवतो, गाडीही चालवतो. काल एका वानरानं पाहुण्यांच्या ताटातला पराठा नेला आणि झाडावर बसून तो लोण्याशिवायच खाल्ला. पुढं बरंच घडलं, पण आता तुमचं आधी.

आयटीआयची दोन वर्षं मी तुमच्या पंगतीत जेवलो. आयटीआय सुटलं, पण जेवण अंगी लागलं. तेव्हा जे असेल ते सरळ लिहा. आईला मी यातलं काही बोललेलो नाही. तुमची बहीण आहे ती, लगेच पहिल्या एस.टी.नं येऊन दारात उभी राहील.

लोभ आहेच, फक्त त्याचं कारण कळवावं.

आपला भाचा,
विश्वजीत

०

बजाजनगर, छ. संभाजीनगर
दि. १४ नोव्हेंबर २०२५

चि. विश्वजीत यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. कृष्णानं ते ज्वारीच्या पिठात लपवून ठेवलं होतं, म्हणून पांढरं झालं. माझं पत्रही गिरणीवरच लिहितोय. पट्टा चालू आहे, अक्षर हललं तर समजून घे.

गोष्ट अशी की मला बसायचा त्रास आहे. समजलं का? नसेल समजलं तर पुढं वाच. आठ महिने झाले, सकाळच्या वेळी रक्त पडतं. पहिल्यांदा थेंब थेंब होतं, आता कधी कधी जास्त. आग होते. काहीतरी बाहेर आल्यासारखं वाटतं, मग आपोआप आत जातं. जिना चढलो की डोळ्यापुढं काजवे. म्हणजे मूळव्याध. लिहिला एकदाचा तो शब्द. कागद खाली ठेवून पाणी पिऊन आलो.

आता तू म्हणशील, मग मामीला सांगा. भाच्या, तुला मेसची रीत ठाऊक आहे. तू लहान होतास तेव्हा आपल्या मागल्या गल्लीतल्या एका मेसमध्ये पोरांना विषबाधा झाली. आठवडाभर आपल्याकडंही कुणी जेवायला बसेना. तेव्हा मी पोरांसमोर पहिलं ताट घेऊन बसलो, सगळं खाल्लं, ढेकर दिला, मग पोरं बसली. त्या दिवसापासून एकोणीस वर्षं मालक पहिल्या पंगतीला. आजही नवं पोरगं आलं की दारातनंच विचारतं, मालक जेवले का? बावीस पोरं आहेत सध्या, कंपन्यांत कामाला, आपल्याकडंच राहायला-जेवायला. सगळी तुझ्या मामीच्या येसर आमटीवर आणि ठेच्यावर टिकून आहेत. मालकालाच मूळव्याध झाली असं कळलं तर काय म्हणतील? ठेच्यानं झाली म्हणतील. तुझी मामी ते ऐकून घेईल का? तिच्या हाताला नाव ठेवल्यासारखं होईल ते. म्हणून गप आहे.

उपाय मी केलाय तसा. दिवसभर खात नाय. पोटात गेलंच नाय तर सकाळी त्रास कशाचा? फक्त संध्याकाळचं ते एक ताट, लोकांना दिसायला पाहिजे म्हणून. पाणीही कमी केलंय. आणि सकाळी संडासापुढं पहिल्या पाळीच्या पोरांची रांग असते, दार वाजवतात, मामा झालं का, मामा गाडी चुकंल. तसं ऐकलं की होणारंही होत नाय. म्हणून मी ते दुपारवर ढकलतो. दुपारी अर्धा तास, कधी पाऊण तास बसून जोर लावतो.

आता काम सांगतो. उस्मानपुऱ्यात चौकाच्या पुढं एक डॉ. वैजापूरकर आहेत, याच आजाराचे. रिक्षातनं जाताना पाटी वाचली. मी गेलो तर कुणीतरी बघंल. तू जा. मी वर लिहिलेलं सगळं तुझंच आहे असं सांग, औषध लिहून घे आणि मला पाठव. तुला कोण ओळखतंय? नायतर १४ डिसेंबरच्या रविवारी बाजारात एक वैदू बसतो, पाच मिनिटांत कोंब गळून पडतो म्हणतात, त्याच्याकडं मी नाव सांगून ठेवलंय.

वाचून झालं की पत्र फाड. आशीर्वाद आहेतच, मदतीच्या बदल्यात दुप्पट.

तुझा,
कारभारीमामा

०

फर्दापूर
दि. २० नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. एवढं चांगलं पत्र आयुष्यात मला कुणी लिहिलं नाही, ते फाडू कसं?

मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. सगळ्या बजाजनगरात दरारा असलेला माणूस, कामगारांच्या सभेत माइक हिसकावून बोलणारा, आणि गिरणीत पिठाआड बसून चोरून पत्र लिहितोय. पण जिना चढताना काजवे दिसतात हे वाचलं आणि हसू गेलं.

वैदूचं मात्र ऐका. इथं फकिरानाना आहेत ना, ज्यांच्या हॉटेलात मी आहे, ते दोन वर्षांमागं असल्याच एकाकडं गेले होते. त्यानं कसलातरी लेप लावला. कोंब गळाला की नाही देव जाणे, पण जागा अशी भाजली की नाना दीड महिना पालथे पडून होते. हॉटेलचा गल्ला पालथं झोपून सांभाळायचे. शेवटी शहरात नेऊन ऑपरेशन करावं लागलं, कारण जखम भरताना वाट आवळत गेली होती. नाना हे स्वतः कुणाला सांगत नाहीत. मी तुमचं नाव न घेता विषय काढला तर गडी अर्धा तास बोलला आणि शेवटी म्हणाला, विश्वा, ज्याचं असेल त्याला म्हणावं, लाजेपायी मी जे भोगलं ते तू भोगू नको. नानांना वाटलं माझंच आहे. तेव्हापासून मला खुर्चीवर उशी ठेवून देतात.

तर सौदा असा. मी तुमचा आजार घेऊन उस्मानपुऱ्यात जातो. तुम्ही त्या वैदूकडचं नाव काढा. नाटकात काम करायची मला हौस होतीच, शाळेत झाड झालो होतो एकदा. हलायचं नव्हतं आणि मी हललो.

आणि थोडं पाणी प्या. अजून काही कळत नसलं तरी, न खाण्यानं सुटणारा आजार माझ्या ऐकण्यात नाही.

उत्तर आल्यावर लोभ वाढवू, तोवर आहे तेवढा पुरवावा.

विश्वजीत

०

उस्मानपुरा, एका चहाच्या टपरीवरून
दि. २९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न.

वि. वि. नंतर. आधी मला हे सांगा की पाटी वाचताना तुम्ही नुसतं आडनाव का वाचलंत? डॉ. सावनी वैजापूरकर. सावनी, मामा. बाई आहेत त्या. माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाच्या.

मी दारातूनच परतणार होतो, पण नाव पुकारलं गेलं. आत जाऊन बसलो. तुमचं पत्र खिशात होतं, ते टेबलाखाली मांडीवर उघडून ठेवलं आणि सुरुवात केली. आठ महिने रक्त पडतंय. वजन कमी झालंय. जिना चढलो की काजवे. मॅडमनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. दिवाळीचा फराळ अजून माझ्या गालांवर आहे. त्यांनी माझं वजन केलं. मग डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, म्हणाल्या रक्त तर चांगलं आहे. मग म्हणाल्या, तपासून बघू.

मामा, तिथं पळायला पाहिजे होतं. पण मी तुमच्यासाठी थांबलो, हे विसरू नका. डाव्या कुशीवर, गुडघे छातीशी. मदतीला एक मावशी होत्या. भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचं कॅलेंडर होतं, तिथं एक लाल आगगाडी वळणावरून चाललेली. त्या गाडीत बसून मी बराच लांब गेलो. कधीतरी खरंच जायचं आहे मला तिथं, पासपोर्टाला काय काय लागतं ते विचारून ठेवतो. दुखलं नाही फारसं. दोन-तीन मिनिटांत सगळं झालं. खरं सांगतो, दुखण्यापेक्षा लाजच मोठी होती आणि तीही अर्ध्यावरच संपली.

उठून बसलो तर मॅडम म्हणाल्या, तुम्हाला आहे थोडी, पहिल्या पायरीची. मी म्हणालो, मला? त्या म्हणाल्या, मग कुणाला? मामा, उसनं दुखणं घेऊन गेलो आणि घरचं घेऊन आलो. मोबाइल घेऊन किती वेळ बसता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, जेवढी बॅटरी असेल तेवढा वेळ.

मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मी जसं कळलं तसं लिहितो. तिथं आपल्या सगळ्यांनाच आतून रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात, तुम्हालाही, मलाही, मोठमोठ्या साहेबांनाही. त्या कामाच्याच असतात. आपण तास तास बसून जोर लावला, पोट साफ नसलं, पाणी प्यायलो नाही, की त्या सुजतात आणि खाली सरकतात. म्हणजे मूळव्याध बाहेरून आलेला पाहुणा नव्हे, घरचीच गादी उंबऱ्यावर आलेली. सुरुवातीची असली तर खाण्यापिण्यानं आणि सवयीनं बसते. त्याच्या पुढची असली तर रबराचं बारीक कडं बसवतात, आठवड्याभरात ती सुजलेली गादी गळून जाते, बहुतेकांना भरती व्हावं लागत नाही. अगदीच वाढलेली असली तरच ऑपरेशन. लेप, सुया, भाजणं यातलं बाहेर कुणाकडून काहीही करून घ्यायचं नाही.

मी विचारलं, ठेच्यानं होते का? त्या हसल्या. म्हणाल्या, ठेचा आग वाढवील, आधीच सुजलं असेल तर थोडे दिवस हात आखडता घ्या, पण आजार ठेच्यानं होत नाही. मामा, मामीचा ठेचा सुटला. आठ महिने तुम्ही ज्याला वाचवायला तोंड शिवून बसलात तो आरोपीच नव्हता. आणि जे उपाय तुम्ही केलेत, उपाशी राहणं, पाणी तोडणं, वेळ आल्यावर दाबून ठेवणं, तेच गुन्हेगार. पोटात गेलं नाही की जे बाहेर येतं ते खड्यासारखं येतं.

इथवर ठीक होतं. मग मी पुन्हा तुमच्या ओळी म्हणायला लागलो आणि पत्र मांडीवरून खाली पडलं. मॅडमनी उचललं. बंद करून द्यायच्या ऐवजी त्यांची नजर गेली, आणि त्यांनी परवानगी मागून सगळं वाचलं. वाचताना आधी ओठ दाबत होत्या. शेवटाकडं दाबेनाशा झाल्या. वय विचारलं. मी म्हणालो, अठ्ठावन्न.

मामा, पुढचं मी त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत ते हलकं होईल. "हे अक्षर ज्यांचं आहे, ते या खुर्चीत पाहिजेत. मूळव्याध असेलही, पण या वयात, आठ महिने रक्त, वजन उतरलेलं, अंगात रक्त कमी झाल्याची लक्षणं, तर नुसती मूळव्याधच आहे असं न बघता मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका."

तुमच्यासाठी एक गोळीसुद्धा त्यांनी लिहून दिली नाही. मी फार मागे लागलो. म्हणाल्या, दुर्बिणीनं आतून बघावं लागेल, मग औषध. पाणी प्या, खा, भाकरी-भाजी-फळं, पीठ चाळू नका, शेक घ्यायचा तर बसता येईल अशा टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं, हे तोवर चालेल. एवढंच.

चहा गार झाला. टपरीवाला विचारतोय मामू, और एक दूँ क्या. घेतो एक आणि फर्दापूरची गाडी पकडतो. या वेळी लोभाबद्दल काही लिहीत नाही, फक्त या.

विश्वजीत

०

बजाजनगर
दि. ४ डिसेंबर २०२५

चि. विश्वजीत यास,
आशीर्वाद.

तुला औषध आणायला पाठवलं होतं, अक्षर दाखवायला नव्हे. आता त्या बाईंना मी दार वाजवणाऱ्या पोरांपर्यंत सगळा ठाऊक झालो.

तरी तू सांगितलंस ते केलंय. कृष्णाला सांगून पीठ जाडं दळून घेतो, कोंडा काढत नाय. तुझ्या मामीनं पोळी उजेडात धरून विचारलं की कृष्णाच्या डोळ्याला काय झालं. दिवसाला तांब्याभर पाणी तीनदा. दुपारी भाकरी खातो, दोडक्याची भाजी, पेरू. कोमट पाण्यात बसायला मेसचं कणीक मळायचं घमेलं घेणार होतो, पण मग माझं मलाच वाटलं की हे बरं नव्हे. नवा टब आणला आणि तुझ्या मामीला सांगितलं की गुडघे दुखतात. ती म्हणाली, गुडघे दुखतात तर बसता कशाला त्यात? मी म्हणालो, तसंच सांगितलंय. कुणी, ते नाय सांगितलं.

आणि फरक आहे. आग निम्म्यावर आली. रक्तही दोन दिवस नव्हतं, काल थोडं होतं. म्हणजे मूळव्याधच, दुसरं काय असणार? मग दुर्बिणीचं काम काय राहिलं? वैदूकडं नाय जात, झालं? नाव अजून काढलेलं नाय, पण जात नाय बहुतेक.

तू लहान आहेस म्हणून तुला सोपं वाटतं. मी कंपनीत होतो तेव्हा माझ्याबरोबर एक जण होता, पोट दुखतं म्हणून तपासायला गेला, तिथं त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि नाव कळल्यावर तो चार महिने राहिला. नाव कळायच्या आधी चांगला चालत-फिरत होता. मला नाव नको आहे. आत्ता जे नाव आहे ते बरं आहे, लाजेचं असलं तरी.

हे मी कुणाला बोललो नव्हतो. गिरणीच्या आवाजात लिहून टाकलं.

काळजी करू नको, आणि केलीस तर तिकडंच कर, इकडं येऊन नको.

मामा

०

फर्दापूर
दि. ८ डिसेंबर २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

या पत्रात वानर नाही, भिक्खू नाही, दुसरं काहीच नाही.

त्या माणसाला नावानं नाही मारलं, मामा. नाव उशिरा कळलं म्हणून तो गेला. तुम्हाला हे माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

मी शनिवारी, १३ तारखेला येतोय. मॅडमकडं दोन नंबर लावलेत, एक तुमचा आणि एक माझा. माझी दुसरी तपासणी आहे आणि मला भीती वाटते. हसू नका, खरंच वाटते, आता त्या कॅलेंडरवरची आगगाडीही पाठ झालीय. एकोणीस वर्षं पोरं तुमचं ताट बघून जेवायला बसतात. मी दोन वर्षं तसाच बसलो. मालक जेवले का, असं विचारल्याशिवाय मी कधी घास घेतला नाही. तर इथंही तुम्हीच आधी आत जा. तुम्ही बाहेर आलात की मी जाईन. तुम्ही नाही गेलात तर मीही नाही जाणार, आणि माझी पहिल्या पायरीची वाढत जाऊन सातव्या मजल्यावर गेली तर ती तुमच्या पदरात.

मामीला मी सांगणार नाही. ते काम तुमचं.

सकाळी दहाला गिरणीपाशी उभे राहा. आशीर्वाद तिथंच द्या, हातोहात.

विश्वजीत

०

बजाजनगर
दि. १७ डिसेंबर २०२५

चि. विश्वजीत यास,
आशामामीचे आशीर्वाद, आणि ते पुरवून वापर, कारण मी तुझ्यावर रागावलेली आहे.

मला पत्र लिहायची सवय नाही. मी याद्या लिहिते. पण तुम्हा मामा-भाच्यांचा सगळा कारभार कागदावर चालतो असं कळलं, म्हणून मीही कागद घेतला. शनिवारी तू गिरणीचा पट्टा आणायचा म्हणून त्यांना घेऊन गेलास. पट्टा आणायला दोन माणसं, आणि येताना हातात पट्टा नाही, इसबगोलाची दोन पाकिटं. एक तुझं होतं ते तू ओट्यावर विसरलास. आणि रविवारी पाहुण्यांचा हंगाम म्हणून पळालास. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

सोमवारी काय झालं ते तुला त्यांनी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते.

मॅडमनी शनिवारी तपासून मंगळवारची दुर्बीण ठरवली होती. तिच्या आदल्या दिवशी पातळच घ्यायचं असतं आणि संध्याकाळी पोट धुवायचं औषध दोन लिटर प्यायचं असतं. हे तुम्हाला दोघांना शनिवारीच माहीत होतं. आपल्याकडं संडास एक आणि माणसं चोवीस, हेही माहीत होतं. दोन गोष्टी एकत्र कुणी धरल्या नाहीत. तुझे मामा माडीवर बसून पेल्यावर पेले पीत होते, मला म्हणाले लिंबूपाणी आहे. आठला पोरं पंगतीला बसली, पहिलं ताट मी वाढून ठेवलं, येसर आमटीवर तेल तरंगतंय, आणि हे जिन्यावरनं खाली आले ते घाईतच. ताटाकडं बघितलं. संडासाकडं बघितलं. तिथं तिसऱ्या पाळीचा अतुल उभा होता, खांद्यावर टॉवेल टाकून.

मग बोलले. "पोरांनो, मी आज जेवणार नाय. मला मूळव्याध आहे, आठ महिने रक्त पडतंय, उद्या दुर्बीण आहे. आजच्या दिवस संडास माझा. अतुल, बाजूला हो."

आणि आत गेले.

माझ्या हातात पळी होती. बावीस पोरं माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, आता एकेक उठतील. उठला तो अतुलच, म्हणजे उभाच होता तो, दारापाशी गेला आणि बाहेरूनच विचारलं, मामा, डॉक्टर कोणता? मग कोपऱ्यातलं वैजापूरचं पोरगं म्हणालं, मलाबी पत्ता पाहिजे. मग आणखी एक. सात निघाले, विश्वा. बावीसात सात. दोघं तर वर्षभर मेडिकलमधून कसलं मलम आणून लावत होते. एकानं भीत भीत विचारलं, मामी, ठेच्यानं होतं का? आतून हे ओरडले, ठेचा निर्दोष आहे, मॅडमनी सोडलाय. पोरं इतकी हसली की शेजारची बाई डोकावून गेली.

मी नाही हसले. सगळ्यांना वाढलं, मग स्टूल घेऊन संडासाच्या दाराशी बसले आणि दारालाच विचारलं. एकोणीस वर्षं माझ्या हातचं पहिलं ताट खाता, मला का नाही सांगितलं? आत नळ सुरू झाला. मग म्हणाले, तुझ्या हाताला नाव ठेवतील म्हणून. मी म्हटलं, माझ्या हाताला नाव ठेवलं तर मी धुऊन टाकीन, तुम्हाला काय झालं तर काय धुऊ? मग म्हणाले, आशा, मला दुसऱ्या नावाची भीती वाटते. दारातनं बोलले म्हणून बोलू शकले. समोर बसून नसते बोलले. मी तिथंच बसले, ते आत-बाहेर करत होते आणि आम्ही बोलत होतो. लग्नानंतर एवढं आम्ही कधी बोललो नसू.

काल सकाळी मीच घेऊन गेले. मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं, मूळव्याध आहे, दुसऱ्या पायरीची, दोन कडी बसवलीत. आणि आतड्यात वरच्या बाजूला एक बारीक मसा सापडला, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो काढला, तपासायला पाठवलाय. आठवड्यानं कळेल. काढला ते बरंच झालं म्हणाल्या, राहिला असता तर पुढं काय झालं असतं ते सांगता येत नाही.

हे पत्र मी आज टाकणार नाही. रिपोर्ट आला की टाकीन. अर्धी बातमी पाठवून तुला तिकडं रानोमाळ फिरवायचं नाही, तू तसाही फिरतोस.

दि. २४ डिसेंबर

विश्वा, पुढं लिहिते.

सात दिवस तुझ्या मामांना मऊ जेवण होतं, मुगाची खिचडी आणि ताक. मेसमध्ये पहिलं ताट कोण घेणार? पहिल्या दिवशी पोरं बसली आणि थांबली. मग मी बसले. आजवर सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं, गार, उभ्यानं खायची. स्वतःच्या हातची आमटी गरम खाल्ली तर तिखट कमी लागली. दुसऱ्या दिवशी वाढवलं. तुझे मामा वाढायला उभे राहतात. पोळ्या पातळ भाजीत टाकतात, आमटी सांडतात, पोरं मजा घेतात.

त्या सातांपैकी पाच जाऊन आले मॅडमकडं. कंपनीत पाण्याच्या बाटल्या नेतात आता. सकाळी दार कुणी वाजवत नाही. अतुलनं वेळा लिहून चिकटवल्यात, तुझ्या मामांचं नाव सगळ्यांत वर, ७ ते ७.१०. त्याच्यापुढं बसायचं नाही, मोबाइल न्यायचा नाही. हे तुलाही लागू.

रिपोर्ट आज आला. मॅडमनी उघडला, आधी स्वतः वाचला, तेवढ्या वेळात ह्यांनी माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी पिचली. मग त्या म्हणाल्या, साधा मसा होता, काही वाईट नाही. तीन वर्षांनी परत एकदा बघायचं, बस. ह्यांनी तो कागद घेतला, घडी घातली, उघडला, आणि मला दिला. वाच म्हणाले. मला इंग्रजी येत नाही हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. तरी मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला.

तुझी आई वच्छलाबाई उद्या येतेय, तिला ह्यांनी स्वतः फोन केला, स्पीकरवर. तू ये. तुझं इसबगोलाचं पाकीट ओट्यावरच आहे.

आमची माया होती तेवढीच आहे, ती न्यायला तूच ये, टपालानं धाडणार नाही.

तुझी,
आशामामी